शब्दचर्चा: 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं', कुत्र्याच्या रिपोर्टातले अडलेले शब्द

प्रश्न

आमचा कुत्रा आता बाराव्या वर्षात आहे. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागल्या, मग गुडघ्यांच्या मागेही लागल्या. सुईने नमुना काढून तपासला, लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. डॉक्टर भले आहेत, वेळ देऊन समजावतात, पण सगळं इंग्रजीतून. घरी येऊन तेच आईला सांगायला बसलो की माझी गाडी अडते. कुत्रा नावाला माझा, खरा तिचा. ती एकच विचारते, "बरा होणार की नाही, तेवढं सांग."

अडलेले शब्द असे: 'स्टेज' आणि 'ग्रेड', 'रेमिशन', 'पॅलिएटिव्ह'. आणि एक शब्द डॉक्टरांनी अजून उच्चारलेला नाही, पण तो पुढे येणार हे मला दिसतंय. परिभाषा कोशाला माझी ना नाही, पण स्वयंपाकघरात उभं राहून बोलता येतील असे शब्द हवेत.

प्रतिसाद १

आधी 'गाठ' घेऊ, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. मराठीत प्रत्येक उंचवट्याला वेगळं नाव होतं आणि त्या नावातच थोडं निदान असायचं. पू धरणारं ते गळू. पायाला जखम झाली की जांघेत सुजून येतं ते अवधाण, जखम बरी झाली की तेही बसतं. वर्षानुवर्षं न दुखता अंगावर राहतं ते आवाळू. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या कातडीखाली चरबीच्या मऊ, सरकणाऱ्या गाठी फार आढळतात, त्यांना आवाळू म्हणायला काहीच हरकत नाही. आता आपण सगळ्यालाच 'गाठ' म्हणतो आणि मग गाठ म्हटलं की एक तर कुणी दचकत नाही, नाहीतर सगळेच दचकतात.

'अर्बुद', म्हणजे ट्यूमर, हा जुना शब्द. सुश्रुतसंहितेत ग्रंथी आणि अर्बुद असा भेद केलेला आहे. 'कर्करोग' मात्र खेकड्यावरून आला. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचं नाव दिलं, ते लॅटिनमध्ये 'कॅन्सर' झालं, आणि आपण त्याचं संस्कृत केलं. बोलताना आईला 'कॅन्सर' म्हणा. तो शब्द आता पूर्ण मराठी आहे, आणि 'कर्करोग' म्हटलं की बातमी वाचल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद २

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टेज म्हणजे रोग कुठवर पसरला आहे. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी किती आक्रमक दिसतात. पहिल्याला 'पसारा' आणि दुसऱ्याला 'जोर' म्हणा, आईला झटकन कळेल. पसारा कमी आणि जोर जास्त असं होऊ शकतं, उलटही होऊ शकतं. म्हणून "दुसरी स्टेज आहे ना, मग काळजी नाही" या वाक्याला अर्थ नाही.

लिम्फोमात पाच स्टेज धरतात. एकच लसिकाग्रंथी सुजली असेल तर पहिली. एकापेक्षा जास्त, पण शरीराच्या पुढच्या किंवा मागच्या एकाच भागातल्या, तर दुसरी. अंगभर सुजल्या तर तिसरी. यकृत किंवा प्लीहा सापडली तर चौथी, रक्त, अस्थिमज्जा किंवा इतर अवयवांपर्यंत गेला तर पाचवी. तुम्ही सांगता त्यावरून किमान तिसरी असणार, पण ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. त्या आकड्यापुढे 'अ' किंवा 'ब' लावतात, ते मात्र लोक विचारायचंच विसरतात. 'अ' म्हणजे कुत्र्याला स्वतःला बरं वाटतंय, खातोय, हिंडतोय. 'ब' म्हणजे तो आजारी दिसतोय. पुढचा अंदाज बांधताना नुसत्या आकड्यापेक्षा हे अक्षर कधीकधी जास्त सांगतं. पेशी बी प्रकारच्या की टी, हेही विचारा. साधारणपणे बी प्रकार औषधाला जास्त चांगला दबतो.

आता रेमिशन. कोशात काही असो, तुमच्या आजीच्या तोंडी शब्द होता: 'उतार'. दुखण्याला उतार पडला. उतार पडला म्हणजे रोग गेला, असं कुणीच समजत नाही. लिम्फोमात नेमकं हेच होतं. केमोने बहुतेक कुत्र्यांच्या गाठी बसतात, कुत्रा पहिल्यासारखा धावतो आणि घरचे म्हणतात, "बरा झाला." तो बरा झालेला नसतो, उतार पडलेला असतो. अनेक औषधं आलटूनपालटून देण्याची जी नेहमीची पद्धत आहे, तिने साधारण वर्षभराचा काळ मिळतो, कुणाला कमी, कुणाला बराच जास्त. काहीच केलं नाही तर बहुधा महिना-दोन महिने.

मराठीत 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, हे आपलं नशीब. आईला इतकंच सांगा: त्याला बरं वाटेल, पण तो बरा होणार नाही. औषधांचं सगळं गणित या वाक्यात बसतं.

'केमो' शब्दाला घाबरू नका. माणसांत रोग समूळ काढायचा म्हणून मात्रा ताणतात. कुत्र्यांत जगणं सुखाचं व्हावं हा हेतू, म्हणून मात्रा बेताची. बहुतेकांचे केस जात नाहीत, फार तर मिशा झडतात. ज्या जातींचे केस सतत वाढत राहतात, त्यांचे मात्र विरळ होतात.

एक गोष्ट शब्दाबाहेरची, पण महत्त्वाची. केमो करायची की नाही हे ठरण्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू नका, डॉक्टरांना आधी विचारा. गाठी पटकन बसतात, पण पुढे केमोला दाद मिळणं अवघड होऊ शकतं. आणि माणसांची दुखण्याची गोळी घरच्या घरी द्यायची नाही. आयब्युप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे.

प्रतिसाद ३

"पसारा आणि जोर" हे दवाखान्याच्या भिंतीवर लावा.

प्रतिसाद ४

पॅलिएटिव्हला 'उपशामक' आणि 'परिहारक' असे दोन्ही शब्द छापील मराठीत दिसतात. दोन्ही बरोबर, दोन्ही स्वयंपाकघरात निरुपयोगी. अडचण अशी की लोकांच्या कानाला पॅलिएटिव्ह म्हणजे 'डॉक्टरांनी हात टेकले' असं ऐकू येतं. तसं नसतं. वेदनाशामक देणं, मळमळ थांबवणं, हाडाच्या कॅन्सरमध्ये ठणका कमी व्हावा म्हणून रेडिएशन देणं, हे सगळं त्यात येतं. मी 'सुखात ठेवण्याचे उपचार' म्हणतो. लांबडं आहे, पण 'ठेवणं' या क्रियापदात करण्यासारखं काम शिल्लक आहे हे दिसतं.

दुसरं, कृपा करून 'झुंज' हा शब्द कुत्र्याच्या वाट्याला आणू नका. वर्तमानपत्रांनी माणसांना ती सक्तीची केलीच आहे, 'कर्करोगाशी झुंज अखेर संपली' वगैरे. कुत्र्याला आपल्याला काय झालंय हे ठाऊक नसतं. त्याला फक्त आज जिना चढवतो की नाही, एवढंच कळतं. झुंज म्हटलं की थांबणं म्हणजे हार ठरते, आणि मग थांबायच्या वेळी माणसं थांबत नाहीत.

प्रतिसाद ५

न उच्चारलेल्या शब्दाबद्दल. 'इच्छामरण' चूक आहे. इच्छामरणाचा वर भीष्मांना होता, कुत्र्याची इच्छा आपल्याला विचारता येत नाही. बरोबर शब्द 'दयामरण'. 'झोपवणं' हे इंग्रजीवरून आलंय आणि घरात लहान मूल असेल तर ते वापरूच नका. उद्या त्याला झोपवायला गेलात की ते घाबरेल. शिवाय दवाखान्यात 'झोपेचं इंजेक्शन' म्हणजे भूल असाही अर्थ होतो, आणि म्हाताऱ्या माणसांचा त्यात खरोखर गोंधळ उडतो.

आमच्याकडे 'सोडवणं' म्हणत. "सोडवलं बिचाऱ्याला." मला तोच शब्द पटतो, कारण कर्ता आपण आहोत हे तो लपवत नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते आईला आधीच सांगून ठेवा. बहुधा आधी गुंगी देतात, मग भुलीच्या औषधाची फार मोठी मात्रा शिरेतून. शुद्ध काही सेकंदांत जाते, श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतं. डोळे बहुतेक उघडेच राहतात, एखादा स्नायू फडफडतो, लघवी होते. हे माहीत नसलं की बघणारा म्हणतो, "अजून जिवंत आहे!"

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. आईला 'बरं वाटेल, बरा होणार नाही' असंच्या असं सांगितलं. ती काही बोलली नाही, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "मग बरं वाटण्याचंच बघू." केमो करायची की नुसतं सुखात ठेवायचं, हे या आठवड्यात ठरवू. रिपोर्टात आकड्यापुढे 'अ' आहे.

आणखी एक विचारतो. तो अजून खातोय, शेपटी हलवतोय, आणि मी मात्र रात्री उठून त्याचा श्वास चालू आहे का बघतो. गेला नाही तोवरच सुरू झालेल्या या दुःखाला मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद २

घोर. "जिवाला घोर लागला." यापेक्षा नेमका शब्द मला माहीत नाही. शोक गेल्यावर, घोर आधी.

घोर कमी व्हायला एक कागदी उपाय आहे. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी सात गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायची पद्धत बसवली: दुखणं, भूक, पाणी पिणं, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. दुखण्यात त्रास कमी तेवढे गुण जास्त. 70 पैकी 35 च्या वर असेल तर सुखात ठेवण्याचे उपचार चालू ठेवायला हरकत नाही, असा तो अंदाज. गुण तुम्ही आणि आई दोघांनी वेगवेगळे द्या. तुमचे कमी येतील, पैज लावते.

प्रतिसाद ६

विषय निघालाच आहे म्हणून. कुत्रा 'मेला' म्हणावं की 'गेला'? आमच्या शिक्षकांनी लाल शाईने 'गेला' खोडून 'मेला' केलं होतं. जनावर मरतं, माणूस जातो म्हणे.

प्रतिसाद १

शिक्षकांनी कुत्रा पाळला नसावा. 'गेला' म्हणा, व्याकरणाला कुठेही इजा होत नाही.