मदत हवी आहे : आईची चक्कर तीन महिने थांबत नाही, एमआरआय नॉर्मल, पुढे कोणाला दाखवू?

मंजिरी_प, बुधवार, रात्री ११:२०
आईला तीन महिने झाले चक्कर येतेय. बीपी, शुगर, ईसीजी, मेंदूचा एमआरआय, सगळं नॉर्मल. मानेच्या एक्स-रेत मणक्यात गॅप निघाली म्हणून मानेला पट्टा लावला, त्याने काडीचाही फरक नाही. काल पहाटे उठताना पलंगापाशीच पडली. हाड वाचलं, कोपर सोलवटलंय. शनिवारी तिला विट्याहून पुण्याला आणतेय. पुण्यातले चांगले न्यूरॉलॉजिस्ट सुचवा. सोमवारी मला कामावर जायचंय, हातात दोनच दिवस आहेत. कृपया नेमकं सांगा.

डोंगरवाट, बुधवार, रात्री ११:४१
आईंचं वय किती? चक्कर म्हणजे नक्की काय होतं? गरगरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

सांजवेळ, बुधवार, रात्री ११:५२
मणक्यात गॅप आहे म्हणजे कारण सापडलेलंच आहे, ताई. माझ्या मावशीला हुबेहूब हाच त्रास होता. सहा आठवडे पट्टा, रोज मानेला तिळाच्या तेलाचा शेक आणि उशी बंद. आज ती स्वतः बाजारात जाते. पट्टा मध्येच सोडू नका. न्यूरोकडे जाऊन पैसे घालवू नका.

मंजिरी_प, गुरुवार, सकाळी ७:०५
वय ६७. चक्कर म्हणजे चक्कर, डोकं फिरतं. पट्टा दोन महिने लावलाय, म्हणून तर विचारतेय. न्यूरोचं नाव कोणी सांगेल का?

काळीमाती, गुरुवार, सकाळी ७:३०
बीपीची गोळी चालू आहे का? असली तर झोपलेल्या अवस्थेत बीपी मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर चक्कर तिथून आहे. माझे वडील असेच न्हाणीत पडले होते. दवाखान्यात खुर्चीवर बसवून मोजलेलं बीपी कायम छान यायचं. सोडियमही बघा. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, म्हाताऱ्या माणसांचं सोडियम त्याने उतरतं.

कर्णिका, गुरुवार, सकाळी ८:१०
मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे. इथे बसून निदान करणार नाही, पण मंजिरीताई, या पाच गोष्टींची उत्तरं द्या :
चक्कर कधी येते? कूस बदलताना, आडवं होताना, मान वर करताना, की बसल्या जागीही?
एक झटका किती वेळ टिकतो, सेकंद की तास?
एका कानाने कमी ऐकू येणं, कानात आवाज होणं, असं काही?
बोलणं जड होणं, एकाचे दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, नवी जोराची डोकेदुखी, हे कधी झालंय का? यातलं काही अचानक झालं तर शनिवारची वाट न बघता त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यायचं.
आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं.

मंजिरी_प, गुरुवार, सकाळी ९:२५
दादा-वहिनी विट्यात असतात, वहिनीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, आई रात्री उजव्या कुशीवर वळली की ओरडते, "अगं, घर फिरतंय." भिंतीवरचं कॅलेंडर गरकन पळतं म्हणते. पलंगाची कड घट्ट धरून बसते, मिनिटभरात थांबतं, मग तासभर मळमळ. फडताळातला वरचा डबा काढताना आणि दोरीवर कपडे वाळत घालतानाही होतं. बसून जेवताना किंवा टीव्ही बघताना नाही. ऐकायला व्यवस्थित येतं. बोलणं वगैरे ठीक आहे. दोन महिने ती डाव्या कुशीवरच, तीन उश्या लावून झोपतेय. मला हे आजच कळलं.
सोडियम १३८ आहे, म्हणजे नॉर्मल. बीपी वहिनी आज मोजेल.

सांजवेळ, गुरुवार, सकाळी ९:४०
बघा, मान वर केली की होतंय. मानच आहे.

कर्णिका, गुरुवार, दुपारी १:१५
सांजवेळ, मान वर करताना डोकंही मागे झुकतं, आणि त्याबरोबर कानाच्या आतला भाग हलतो. उजव्या कुशीवर वळताना मानेवर ताण पडत नाही, तरी घर फिरतंय. पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या मणक्यात झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो. तेवढ्यावरून चकरेचं खापर मानेवर फोडता येत नाही.
ताई, वर्णन कानातल्या खड्यांच्या चकरेशी जुळतंय. वैद्यकीय नाव बीपीपीव्ही. आपल्या आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण एका पडद्यावर चिकटलेले असतात, त्यांच्यामुळे डोकं कोणीकडे कललंय ते मेंदूला कळतं. वयाने किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत उतरतात. कूस बदलली की कण घरंगळतात, नळीतला द्रव ढवळतो आणि मेंदूला वाटतं की आपण गरगर फिरतोय. कण खाली बसले की झटका थांबतो, म्हणून तो बहुतेक वेळा मिनिटाच्या आतच संपतो. हे खडे एमआरआयमध्ये दिसत नाहीत.
तपासायला यंत्र लागत नाही. डोकं ४५ अंश एका बाजूला वळवून माणसाला पटकन आडवं करायचं आणि डोळे बघायचे. बुबुळं ठरावीक पद्धतीने फिरत उडायला लागली की निदान झालं. उपाय म्हणजे डोकं क्रमाने फिरवून ते कण नळीतून बाहेर काढायचे.
पहिली भेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची घ्या. आणि गोळ्यांची नावं अजून दिली नाहीत.

जुनाबाजार, गुरुवार, दुपारी १:५०
कर्णिकांनी सांगितलेली तपासणी डिक्स आणि हॉलपाइक यांनी लंडनमध्ये १९५२ साली लिहून ठेवली. या चकरेचं वर्णन त्याच्याही आधी रॉबर्ट बारानीने केलं होतं, आतल्या कानाच्या कामासाठी त्याला १९१४ चं नोबेल मिळालं होतं. कण बाहेर काढण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांची, त्यांचा प्रसिद्ध लेख १९९२ चा. मला स्वतःला ही चक्कर आली तेव्हा मी हे सगळं वाचून काढलं. एवढा साधा उपाय असूनही सात महिने मला कोणी सांगितला नव्हता, याचं आजही वाईट वाटतं.

पायवाट_२, गुरुवार, दुपारी २:१०
आईचा आरोग्य विमा आहे का? नसेल तर ६७ व्या वर्षी घेताना आधीच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ नीट वाचा. दाखल न होता केलेल्या तपासण्या बऱ्याच योजनांत बसत नाहीत. एमआरआयची पावती जपून ठेवा.

डोंगरवाट, गुरुवार, दुपारी २:२२
पायवाट, ते त्यांनी विचारलेलं नाही. मंजिरीताई, गाडीचा विचार करा. चक्कर आणि मळमळ असताना हायवेवरच्या घाटाच्या टप्प्यातली वळणं त्रास देतील. मायणी-दहिवडी-फलटणवरून या.

काळीमाती, गुरुवार, दुपारी २:४०
फलटणवरून आलात तर पुढे सासवडनंतर दिवेघाट आहेच की. कऱ्हाडला हायवे धरावा. रस्ता रुंद, वाटेत थांबायला जागा आणि वेळ पडलीच तर कऱ्हाड-साताऱ्यात मोठे दवाखाने आहेत. आजारी माणूस बरोबर असताना मी हेच बघतो.

डोंगरवाट, गुरुवार, दुपारी २:५५
हा मुद्दा बरोबर. आईंना पुढच्या सीटवर बसवा, पाठ थोडी कलती ठेवा आणि मानेचा आधार लावा.

शेवंती_के, गुरुवार, दुपारी ४:३०
शनिवारची वाट कशाला? ते डोकं फिरवायचं तंत्र व्हिडिओ बघून घरीच करता येतं. मी माझ्या सासूबाईंना केलं, दुसऱ्या दिवशी बऱ्या.

कर्णिका, गुरुवार, सायंकाळी ६:०५
शेवंतीताई, सासूबाईंना बरं वाटलं याचा आनंद आहे. पण कोणता कान आणि कोणती नळी हे ठरल्याशिवाय करू नये. चुकीच्या बाजूने केलं तर उपयोग नाही. या आईंना मानेचं दुखणं आहे, त्या नुकत्या पडल्यात, आणि तंत्राच्या वेळी जोराची चक्कर येऊन उलटी होते. पहिल्या वेळी जाणता माणूस हवाच. नीट शिकवल्यावर पुढे घरी करायला हरकत नाही.
मंजिरीताई, एक काम घरी होईल. आई उजवीकडे वळून चक्कर आली की वहिनींनी मोबाईलवर डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढावा. डोळे उघडे ठेवायला सांगा, भीतीने माणूस मिटून घेतो. मुद्दाम पुन्हा पुन्हा करायला लावू नका.
गोळ्या?

मंजिरी_प, गुरुवार, रात्री १०:१५
बीपी आडवं असताना १३४, उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी १२८. म्हणजे ते नाही.
गोळ्या : बीपीची एकच, टेल्मिसार्टन ४०. कॅल्शियमची. आणि चकरेची गोळी, ती तर चालूच असणार ना, म्हणून लिहिली नव्हती. वहिनीने पाकिटाचा फोटो पाठवलाय, सिनारिझीन २५, दिवसातून तीन वेळा. सुरुवातीला पंधरा दिवसांची लिहून दिली होती, बरं वाटेना म्हणून मेडिकलमधून आणत राहिलो. त्याने ती दिवसभर पेंगते. चालणंही संथ झालंय, पाय घासत चालते, उजवा हात मांडीवर असला की थरथरतो. चेहरा उतरलाय. आम्हाला वाटलं वय आणि चकरेची भीती.

कर्णिका, गुरुवार, रात्री १०:३२
ताई, हे फार महत्त्वाचं आहे. सिनारिझीन चकरेची धार थोड्या दिवसांसाठी बोथट करतं, कण जागचे हलत नाहीत. आणि मेंदूत हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या डोपामीन या रसायनाचं काम ते अडवतं. वयस्कर माणसाला महिनोन्‌महिने दिलं तर कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात : हात थरथरणं, पाय घासत चालणं, चेहऱ्यावरचे भाव कमी होणं. तुम्ही लिहिलंय ते नेमकं हेच. पेंग आणि अडखळती चाल असेल तर पडण्याचा धोका वाढतो, परवाच्या पडण्याला चकरेबरोबर गोळीचाही हातभार असू शकतो.
ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांना उद्या सकाळी फोन करा, थरथर आणि चाल दोन्ही सांगा आणि गोळी बंद करायची का ते विचारा. बीपीची गोळी मात्र अजिबात थांबवू नका. हे सगळं चिठ्ठीवर लिहून शनिवारी पाकिटासकट डॉक्टरांपुढे ठेवा.

सांजवेळ, गुरुवार, रात्री ११:००
हे मला माहीत नव्हतं. मावशीही चकरेची गोळी बराच काळ घेत होती आणि तिचाही हात थरथरतो. आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलंय. उद्या तिची पाकिटं बघतो.

काळीमाती, शुक्रवार, सकाळी ८:४०
माझ्या वडिलांना मळमळीसाठी प्रोक्लोरपेरझीन दिलं होतं, त्याचंही तसंच झालं होतं. कर्णिका, बीटाहिस्टीन या चकरेच्या गोळीचं काय? सगळीकडे तीच लिहून देतात.

कर्णिका, शुक्रवार, सकाळी ९:१५
प्रोक्लोरपेरझीनचं अगदी तेच, डोपामीनच. बीटाहिस्टीनने अशी थरथर सहसा येत नाही, पण खड्यांच्या चकरेवर तो उपाय नाही. सांजवेळ, मावशींची पाकिटं घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा, आपल्या मनाने काही बंद करू नका.

मंजिरी_प, शुक्रवार, दुपारी १२:०५
डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सिनारिझीन लगेच बंद करायला सांगितलं. म्हणाले, पंधरा दिवसांच्या पुढे द्यायचीच नव्हती. चूक आमचीही आहे, चिठ्ठी न बघता आणत राहिलो. व्हिडिओ मिळालाय. बुबुळं थरारल्यासारखी वर उडतायत आणि फिरतायत. मला तो दुसऱ्यांदा बघवला नाही.

मंजिरी_प, शनिवार, रात्री ९:५०
कऱ्हाडवरून आलो, दोनदा थांबलो, उलटी झाली नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी व्हिडिओ बघितला, मग आईला उजवीकडे डोकं वळवून आडवं केलं. चार-पाच सेकंद काही नाही, मग बुबुळं उडायला लागली आणि आईने माझं मनगट इतकं आवळलं की अजून वळ आहेत. तिथूनच पुढे त्यांनी डोकं हळूहळू डावीकडे फिरवलं, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबले, मग पूर्ण डाव्या कुशीवर घेतलं, नाक जमिनीकडे, आणि उठवून बसवलं. पाच मिनिटंही लागली नसतील. अर्ध्या तासाने पुन्हा तपासलं, यावेळी नुसतं हलकंसं गरगरलं. एक आठवड्याने परत बोलावलंय. मानेचा पट्टा काढला. थरथर उतरायला आणि चाल सुधारायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात म्हणाले. तीन महिन्यांनी जशीच्या तशी असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं. ड जीवनसत्त्वही तपासायला दिलंय, ते कमी असलं तर खडे पुन्हा सुटू शकतात म्हणे.
आत्ता ती माझ्याकडे झोपायला टेकलीय आणि उजव्या कुशीवर वळायला घाबरतेय. तीन उश्या मागतेय. देऊ का? डॉक्टरांना हे विचारायचं राहिलं.

कर्णिका, शनिवार, रात्री १०:०८
मागतेय तर द्या, पण गरज नाही. पूर्वी बसून झोपायला सांगायचे, आता सांगत नाही, त्याने फायदा होत नाही हे कळलंय. एक उशी पुरे. वळवू नका, झोपेत तिची ती वळेल. तिच्या बाजूचा छोटा दिवा सुरू ठेवा, आणि पहाटे उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसू द्या. मग तुमचा हात धरून उभं राहू द्या.

मंजिरी_प, रविवार, सकाळी ६:४०
पहाटे चारला वळली. उजवीकडे. झोप मोडली नाही.