मदत हवी आहे : युरोपात ‘हीथ’वरून आलेली आडनावं नक्की ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी,

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आडनावांवर एक लेख लिहायला घेतलाय आणि मध्येच अडकलेय. भाषा आणि वंशावळ या विषयांतले जाणकार इथे आहेत, म्हणून हा धागा.

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. या ब्राबंट भागात ‘व्हान डेर हेइडन’ हे आडनाव सारखं समोर येतं, मुलाच्या वर्गाच्या यादीत, दवाखान्याच्या पाटीवर, ऑफिसात. ‘हेइडे’ म्हणजे इंग्रजीतलं हीथ. वाळूची, निकस, आम्लधर्मी जमीन आणि तिच्यावर गुडघ्याएवढी, बारीक पानांची चिवट झुडपं. आमच्याजवळ हेझे गावालगत स्ट्राब्रेख्ट्स हेइडे नावाचा असा मोठा माळ आहे. वर्षभर तपकिरी दिसतो आणि ऑगस्ट संपता संपता एकदम जांभळा होतो.

वाचताना ज्या गोष्टीने मी खरोखर थक्क झाले ती सांगते. हा माळ निसर्गाने आपोआप दिलेला नाही, तो माणसाने राखलेला आहे. मुळातलं जंगल गेल्यावर गावाच्या मेंढ्या तिथे चरत. शेतकरी हीथची झुडपं मुळं-मातीसकट खरवडून त्याच्या ढलप्या काढत आणि गोठ्यात अंथरत. जनावरांच्या शेणमुताने त्या भिजल्या की तेच खत शेतात जाई. वाळूच्या जमिनीत राय (गव्हासारखं धान्य) पिकायचं ते या जोरावर. चराई आणि खरवड थांबली की बर्च आणि पाइनची झाडं माळ गिळून टाकतात. म्हणजे हेइडे हे गावाचं गायरान होतं, सगळ्यांच्या हक्काचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रासायनिक खतं आली, गायरानाची गरज संपली आणि बहुतेक माळ नांगरले गेले किंवा तिथे पाइन लावले गेले. आडनावं मात्र राहिली.

आता माझ्या अडचणी.

एक, माळ अख्ख्या गावाचा होता, तर ‘हेइडे’वाले आडनाव ठरावीक घरांनाच का?

दोन, डच आणि जर्मन दोन्हींत ‘हेइडन’, ‘हाइडन’ म्हणजे मूर्तिपूजक, ख्रिस्ती नसलेला असाही अर्थ आहे. मग आडनाव माळावरून आलंय की त्या शब्दावरून, हे कशावरून ठरवायचं?

तीन, इंग्रजी, फ्रेंच, स्वीडिश नावांत कोणती बेधडक घ्यावीत आणि कोणती टाळावीत? माझ्या यादीत सध्या हीथ, मूर, म्यूर, ब्रुयेर, लालांद, हेडलुंड इतकी आहेत. चुकीचं काही छापायचं नाहीये, कारण अंक इथल्या डच शेजाऱ्यांनाही दाखवला जातो आणि त्यांच्या घराण्याच्या नावाबद्दल ते हळवे असतात.

कुणी मदत कराल का?

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या ‘कर’मध्ये अर्धं आहे. चिपळुणात राहणाऱ्याला कुणी चिपळूणकर म्हणत नाही, तो बाहेर पडला की म्हणतात. आडनाव म्हणजे चारचौघांत वेगळं ओळखू येण्याची खूण. हेइडेचं मात्र थोडं निराळं आहे. तिथे गाव सोडावं लागत नव्हतं. चर्चच्या भोवती दाटीने घरं असायची आणि एखादं घर लांब, माळाच्या कडेला. गावात यान नावाचे तीन-चार जण असले की ‘माळाकडचा यान’ म्हटलं की पुरे. म्हणजे हे आडनाव त्या घराची जागा सांगतं. कडेला राहणाऱ्याला माळ चिकटला, मधल्यांना नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी ‘डेर’कडे नीट बघा. ‘व्हान डेर’ म्हणजे ‘अमक्याकडचा’. हेइडे हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून जुन्या डचमध्ये ‘व्हान’नंतर ‘डेर’ येतं आणि शेवटचा ‘न’ही जुन्या विभक्तीचा आहे. मूर्तिपूजक माणसाला टोपणनाव दिलं असतं तर ते ‘डे’ किंवा ‘डेन’ लावून आलं असतं, ‘व्हान डेर’ लावून नाही. त्यामुळे तुमच्या वर्गाच्या यादीतली मंडळी निःशंक माळाची.

हेच ‘व्हान डेर’ पुढे आखडून ‘व्हेर’ होतं. व्हान डेर मेरचं व्हेरमेर झालं, तसंच व्हेरहेयन. टाचेमागच्या कंडरेला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) अकिलीसचं नाव ज्याच्यामुळे चिकटलं तो शरीररचनाशास्त्रज्ञ फिलिप व्हेरहेयन (१६४८–१७१०) याच आडनावाचा, फ्लँडर्सचा. आणि लेखात यान व्हान डेर हेइडनला (१६३७–१७१२) जागा द्याच. ॲम्स्टरडॅमची एकेक वीट दिसेल अशी चित्रं काढणारा चित्रकार, आणि त्यानेच भावाबरोबर १६७२ मध्ये आग विझवायची चामड्याची नळी वापरात आणली.

एक सावधगिरी. नेपोलियनच्या १८११च्या हुकमाने डच लोकांना आडनावं मिळाली असं सरसकट लिहू नका. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना तेव्हा घ्यावं लागलं. ब्राबंटमध्ये बहुतेकांकडे कितीतरी आधीपासून होतं. तेव्हा नोंद पक्की झाली आणि कारकुनाने जसं लिहिलं तसं स्पेलिंग गोठलं. म्हणून एकाच घराण्याच्या फांद्या आज वेगवेगळं लिहितात.

प्रतिसाद २

मी जर्मनीत हॅनोव्हरजवळ राहतो, ल्युनेबुर्गर हाइडे इथून जवळ. इथे हाइडे, हाइडेमान, फॉन डेर हाइडे ही सरळ माळाची नावं. ‘फॉन डेर हाइट’ही त्यातलंच. वुपरटालचं फॉन डेर हाइट संग्रहालय त्याच नावाच्या बँकवाल्या घराण्यामुळे ओळखलं जातं.

पण नुसतं ‘हाइड’ ऐकून भुलू नका. हाइडी हे मुलीचं नाव आडेलहाइडचं लाडकं रूप आहे. त्यातलं ‘हाइड’ म्हणजे प्रकार, स्थिती. माळाशी काही संबंध नाही. हाइडनराइख हे आडनावही जुन्या व्यक्तिनामावरून आलंय.

आणखी एक. ‘मूर’ या शब्दात गोंधळ होतो. जर्मन आणि डचमध्ये हीथ कोरडं, वाळूचं, तर मूर किंवा व्हेन म्हणजे पाणथळ, पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) जमीन. व्हान डेर व्हेन, व्हेनस्ट्रा ही नावं पाणथळीची, त्यांचा वेगळा परिच्छेद करा. इंग्रजी मूरमध्ये मात्र दोन्ही येतात, डोंगरमाथ्यावरचा उघडा माळही आणि दलदलही.

प्रतिसाद ३

इंग्रजीपुरतं लिहिते. हीथ घ्या, काही धोका नाही. १९७० ते १९७४ पंतप्रधान असलेले एडवर्ड हीथ सगळ्यांना माहीत आहेत. हीथकोट म्हणजे माळावरची झोपडी, तेही घ्या.

मूरवर मात्र लेख उभा करू नका. काही मूर माळाचे, काहींच्या पूर्वजाला काळ्यासावळ्या रंगावरून ते नाव पडलं, काहींचं मूळ व्यक्तिनामात, आणि आयर्लंडमधले बरेचसे मूर म्हणजे ओ मोर्धा या गेलिक (आयरिश भाषेतल्या) आडनावाचं इंग्रजी रूप. कुटुंबाचा इतिहास हातात नसेल तर मूरवरून काहीच सिद्ध होत नाही. स्कॉटलंडचं म्यूर त्यापेक्षा पुष्कळ भरवशाचं, कारण म्यूर हा तिथला माळाचाच शब्द. जॉन म्यूर १८३८ मध्ये डनबारला जन्मले, पुढे अमेरिकेत जाऊन जंगलं वाचवण्यासाठी आयुष्यभर लढले आणि १८९२ मध्ये सिएरा क्लब स्थापला. असं आडनाव आणि असं काम, मला फार आवडतं हे.

आणि लपलेली नावं विसरू नका! हॅटफील्ड, हॅडफील्ड, हॅडली, हॅटन. या सगळ्यांत पुढे जुनं ‘हॅथ’ म्हणजे हीथच आहे, जोडशब्दात स्वर आखडला आणि ‘थ’ गेला. फक्त ही आधी गावांची नावं. गाव माळावरून, माणूस गावावरून.

फ्रेंचमध्ये ब्रुयेर म्हणजे हीथचं झुडूप. ला ब्रुयेर, दक्षिणेत ब्रुग्येर, कॅटलन भाषेत ब्रुगेरा. १९९३ आणि १९९४ची फ्रेंच ओपन जिंकणारा सर्जी ब्रुगेरा आठवतोय ना? लांद म्हणजे माळ, त्यावरून लालांद, दलालांद, देलांद. ‘डे ब्राउन’ मात्र यात घालू नका, ते डच आहे आणि त्याचा अर्थ तपकिरी.

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. ‘डेर’ची खूण तर आता जिथे तिथे दिसायला लागेल. मूर यादीतून काढते, म्यूर ठेवते.

हेडलुंडचं राहिलंय. आणि ऑफिसात एक फिनिश सहकारी आहे, आडनाव कांगास. तेही याच अर्थाचं आहे असं ती म्हणते. घेऊ का?

प्रतिसाद ४

हेडलुंड जपून. स्वीडिशमध्ये हेड म्हणजे हीथचा माळ आणि लुंड म्हणजे राई, अर्थ बरोबर आहे. पण स्वीडनमध्ये अशी दोन तुकड्यांची नावं लोकांनी हौसेने, कानाला गोड वाटतात म्हणूनही घेतली. हेडबर्ग, हेडस्ट्रोम, ल्युंगबर्ग तशीच, ल्युंग म्हणजे हीथचं झुडूप. पूर्वज माळावर राहत होते असं त्यावरून म्हणता येत नाही. वेगळ्या चौकटीत द्या.

कांगास जरूर घ्या. फिनलंडमध्ये कांगास म्हणजे कोरड्या, निकस जमिनीवरचं पाइनचं रान, खाली हीथ आणि लिंगनबेरीची (लाल, आंबट फळांची) झुडपं. कापडालाही तोच शब्द आहे, पण घराच्या जागेवरून नावं पडण्याची तिथली रीत बघता आडनावात रानाचाच अर्थ. विभक्ती लागली की कांगासचं सामान्यरूप ‘कांका’ होतं, त्यामुळे कांकानपॅ हेही तेच नाव, म्हणजे रानाचं टोक. एस्टोनियात याला न्यम्म म्हणतात आणि आडनावही आहे. तिथल्या शेतकऱ्यांना आडनावं मिळाली ती वेठबिगारी उठल्यानंतर, १८२०च्या दशकापासून १८३५ पर्यंत. पुष्कळदा जमीनदार किंवा पाद्री ठरवत. म्हणून न्यम्म आडनावाच्या माणसाच्या बाबतीत आधी त्याचं शेत कुठे होतं ते बघा, मगच माळाशी नातं जोडा. सहकारीण तयार असेल तर तिच्या आजोबांच्या शेताचं नाव विचारा. फिनलंडच्या पश्चिमेला असेल तर आडनाव बहुधा त्या शेतावरूनच आलेलं असेल.