मुलीला मायदेशाविषयी खरे कसे सांगावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. गेली 14 वर्षे आम्ही जर्मनीत राहत आहोत. पाचवीतल्या माझ्या मुलीला पुढच्या महिन्यात शाळेत आई-वडिलांच्या देशाविषयी बोलायचे आहे आणि त्यासाठी आपले मार्गदर्शन हवे आहे.

जुलै 2025 मध्ये रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांसह 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्या दिवशी आम्ही घरी पुरणपोळी केली होती आणि त्यांतला जिंजी तमिळनाडूत कुठे आहे हे तिने स्वतः नकाशावर शोधून काढले होते. डिसेंबरात त्यांपैकीच एका किल्ल्यावर तिला हौसेने नेले, तर दरवाजाच्या काळ्या दगडावर बदामात कोरलेली नावे होती आणि तटाच्या जंगीतून (बंदुका रोखण्यासाठी ठेवलेल्या भोकातून) बाहेर पाहायला ती वाकली, तेव्हा तिच्या हाताला वेफर्सची रिकामी पाकिटे लागली. "आई, हे आपलंच आहे ना?" असे तिने विचारले आणि मला उत्तर सुचेना.

नुसते गौरवाचे सांगितले तर तिला ते पटणार नाही, कारण तिने सारे डोळ्यांनी पाहिले आहे; आणि परक्यांच्या वर्गात आपल्या माणसांची उणीदुणी काढायला माझे मन धजत नाही. परदेशात मुले वाढवणाऱ्यांनी हा प्रश्न कसा हाताळला, ते कृपया सविस्तर लिहावे. तसेच, दुर्गसंवर्धनाच्या स्वच्छता मोहिमांत सुट्टीवर आलेल्या लहान मुलांना पालकांसह सहभागी होता येते का, आणि त्यासाठी किती आधी कळवावे लागते?