कार्ल्याची लेणी : वयस्कर आईला घेऊन जावे का?

प्रश्न (निपाणी) :
माझ्या आईचे वय ६८ असून तिचे गुडघे दुखतात. तरीही कार्ल्याचे चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) एकदा पाहावे आणि स्तूपापुढे वंदना म्हणावी, अशी तिची फार दिवसांची इच्छा आहे. आम्ही कोल्हापूर-पुणे मार्गाने मोटारीने जाणार आहोत. चढण तिला झेपेल का आणि त्याच दिवशी भाजेही करावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (खानापूर) :
मी काकूंना घेऊन गेलो होतो. वाहन डोंगरात बरेच वर जाते, पुढे मात्र पायऱ्याच आहेत. थांबत थांबत चढल्यास जमते. एकवीरा आईचे देऊळ लेण्याच्या दारातच असल्याने चैत्रातील यात्रा, नवरात्र आणि रविवार टाळावेत. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. भाजे लेणी कार्ल्याहून जुनी आणि सुंदर असली, तरी तिथेही चढावेच लागते; आईंसाठी ती दुसऱ्या दिवशी ठेवावीत.

उत्तर (बेळगाव) :
वरील सल्ला योग्यच आहे. मला सांगायचे आहे ते वर पोहोचल्यानंतरचे. आत शिरण्यापूर्वी व्हरांड्याच्या डाव्या टोकाचा ब्राह्मी लेख अवश्य पाहावा. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातील (म्हणजे भारतातील) उत्तम शैलगृह, म्हणजे डोंगरात कोरलेले हे लेणे, पूर्ण केले, असे त्यात म्हटले आहे. आणि वैजयंती म्हणजे आपल्याच कर्नाटकातील, उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इकडच्या एका व्यापाऱ्याने सह्याद्रीत एवढे दान दिले, हे वाचताना मला भरून आले होते. खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांचीही (म्हणजे ग्रीकांचीही) नावे दाते म्हणून कोरलेली आहेत.

आत एकूण ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंच्या खांबांवर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी आहेत, तर स्तूपामागचे ७ खांब साधे अष्टकोनी आहेत. छताच्या कमानी मात्र दगडी नसून लाकडी आहेत, आणि स्तूपावरील छत्रही लाकडाचेच आहे. एवढ्या जुन्या काळचे लाकूड जागेवर टिकलेले पाहायला मिळणे फार दुर्मीळ. त्यामुळे आईंना स्तूपाजवळ निवांत बसू द्यावे, घाई करू नये.

प्रश्नकर्ता (निपाणी) :
दोघांचेही मनापासून आभार. आता डिसेंबरातील मधल्या वारी निघू आणि लोणावळ्यात एक मुक्काम करू. भूतपालाचा लेख मी आईला स्वतः वाचून दाखवीन.