मदत हवी आहे: ओबीएमचे (बोटीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड मशीनचे) आरपीएम वाढले, वेग मात्र घटला. एवढी स्लिप (पंख्याची पाण्यातली घसरण) कशाने?

वेसावा_१८फुटी
मंडळी, १८ फुटी फायबर बोट, ४० एचपी टू-स्ट्रोक ओबीएम. पंखा ॲल्युमिनियमचा, १३ पिच (घसरण नसेल तर एका फेरीत १३ इंच पुढे), गिअर रेशो २.०० (मशीनच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक). गेल्या सीझनला फुल थ्रॉटलला ५२०० आरपीएम आणि जीपीएसवर २३ नॉट मिळायचे. पावसाळ्यात मशीन उतरवून परत बसवलं, तेव्हापासून ५५०० ला जेमतेम १९. माणसं तेवढीच, पेट्रोलही तेवढंच. वळण घेतलं की मशीन किंचाळतं. गॅरेजवाला म्हणतो १५ पिचचा पंखा टाका. टाकू का?

शाफ्टलाइन
थांबा, आधी हिशोब करा. आरपीएम भागिले गिअर रेशो, गुणिले पिच (इंचात), भागिले १२१५. घसरण नसती तर किती नॉट मिळाले असते, ते यातून कळतं.

पूर्वी: ५२०० ÷ २ × १३ ÷ १२१५ = २७.८. मिळाले २३, म्हणजे स्लिप १७ टक्के. आता: ५५०० वर २९.४ यायला हवेत, येतात १९. स्लिप ३५ टक्के.

१७ मध्ये काही वावगं नाही. पाण्यावर उचलून पळणाऱ्या हलक्या बोटीला १० ते २० टक्के धरतात. शून्य कधीच येणार नाही, कारण पंख्याने पाणी मागे ढकललं तरच बोट पुढे जाते.

खरी खूण आरपीएमची. बुडाला शिंपले-शेवाळ धरलं किंवा बोटीत पाणी साठलं तर स्लिप वाढते, पण आरपीएम खाली येतात. तुमचे वर गेलेत, म्हणजे पंख्याची पाण्यावरची पकड सुटतेय. १५ पिचने आरपीएम ३००-४०० ने उतरतील, काटा बरा दिसेल, दुखणं तसंच राहील.

भांगाची_भरती
आकडे घेतलेत कधी? उधाणाच्या ओढीत एकाच दिशेने मोजलं असेल तर उपयोग नाही, जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो. एक नॉटचा प्रवाह तुमच्या स्लिपमध्ये साडेतीन टक्क्यांचा फरक पाडतो. अष्टमीच्या आसपास भांग (कमी जोराची भरती-ओहोटी) असताना, पाणी थबकलं की त्याच पट्ट्यात जाऊन-येऊन मोजा आणि सरासरी काढा.

शाफ्टलाइन
बरोबर. मग पंख्याच्या आतला, शाफ्टचा जोर पंख्याला देणारा रबर बुश तपासा. किल स्विचची (मशीन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी आणि प्लगच्या वायरी काढल्याशिवाय पंख्याला हात लावू नका. पंखा काढून आतली पितळी नळी आणि बाहेरचा हब यांवरून ऑइल पेंटची एकच सरळ रेघ ओढा. वाळली की बसवा, फुल थ्रॉटलला पळवा, परत काढून बघा. रेघ तुटली असेल तर बुश घसरतोय. अशी बोट हळू चालवताना ठीक वाटते, जोर दिला की मशीन नुसतंच भणभणतं. पंख्याचा नट अडवणारी स्प्लिट पिन दर वेळी नवी.

पाती बघा: मागची कड जराशी वळलेली असते, ती रेतीत घासून सपाट झाली तरी पकड जाते.

वेसावा_१८फुटी
रेघ अखंड आहे, पाती ठीक. भांगाला दोन्हीकडून मोजलं, सरासरी १९.४. पंख्याच्या वर मशीनला असलेली आडवी प्लेट बोटीच्या बुडापासून दोन इंच वर आहे.

शाफ्टलाइन
मग मशीन उंच बसलंय. वळताना वरून हवा ओढली जाते, म्हणून किंचाळतं. प्लेट बुडाच्या रेषेत, फार तर इंचभर वर हवी. ब्रॅकेटचं एक भोक खाली घ्या, साधारण पाऊण इंच. फरक पडला पण पुरेसा नसेल तर आणखी एक. बोल्टच्या जुन्या भोकांत मरीन सीलंट भरायला विसरू नका, नाहीतर ट्रान्समचं (मशीन बसतं त्या मागच्या फळीचं) प्लाय आतून कुजतं.

भांगाची_भरती
फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर (मासे शोधायच्या यंत्राचा पाण्यातला सेन्सर) पंख्याच्या थेट पुढे लावलाय का? त्याचे बुडबुडे सरळ पात्यांत जातात. असेल तर बाजूला सरकवा.

आणि पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळलंय का बघा, ते ऑइल सील कापतं. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील बदलल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.