मेनूचे चित्र वेगळे, सुरुवातीचा पडदा वेगळा

स्वतःची लाइव्ह सीडी (संगणकावर न बसवता थेट चालणारी लिनक्सची सीडी) बनवताना आयसोलिनक्सच्या, म्हणजे सीडीवरून लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फोल्डरमधील चित्र बदलूनही ती सुरू होताना काळ्या पडद्यावर अक्षरेच धावतात, अशी अडचण येते. ते चित्र केवळ बूट मेनूच्या मागे असते आणि कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) ताबा जाताच त्याचे काम संपते. त्यासाठी व्हेसामेनू हा आयसोलिनक्सचा चित्रमय मेनू वापरून ६४० बाय ४८० मापाची पीएनजी फाइल दिली की पुरे. सोळा रंगांचे जुने एलएसएस हे चित्र-स्वरूप आता वापरण्याचे कारण उरलेले नाही.

त्यापुढचा पडदा प्लिमथ हा सुरुवातीचे चित्र दाखवणारा प्रोग्रॅम दाखवतो, आणि खरी गफलत येथेच होते. डेबियन किंवा उबुंटूवर आधारित सीडीत क्रूट करून (म्हणजे सीडीतील उलगडलेल्या प्रणालीच्या आत शिरून) प्लिमथ व त्याची थीम बसवली, तरी प्लिमथ इनिट्रामएफएसमधूनच (कर्नलसोबत मेमरीत चढणाऱ्या छोट्या प्रारंभिक प्रणालीतूनच) सुरू होत असल्याने, इनिट्रामएफएसची फाइल पुन्हा तयार करून क्रूटच्या बूट फोल्डरमधून आयएसओच्या (सीडीच्या प्रतिमा-फाइलच्या) लाइव्ह (डेबियन) किंवा कॅस्पर (उबुंटू) फोल्डरमध्ये, तेथील फाइलच्याच नावाने, नेऊन ठेवावी लागते. नुसती स्क्वॉशएफएस (सीडीवरील संपूर्ण प्रणालीची संकुचित फाइल) नव्याने बांधली, तर सीडी जुन्याच इनिट्रामएफएसवरून सुरू होते. (मार्गदर्शिकांमध्ये ही पायरी बहुधा एका ओळीत उरकलेली असते.)

मेनूच्या फाइलमधील कर्नलच्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' (quiet splash) हे शब्दही हवेत. मात्र यूईएफआय (जुन्या बायॉसच्या जागी आलेली व्यवस्था) असलेल्या यंत्रावर अशा सीडीचा मेनू आयसोलिनक्सऐवजी सहसा ग्रब हा दुसरा प्रोग्रॅम दाखवतो, म्हणून ते शब्द ग्रबच्या फाइलमध्येही घालावेत. चाचणीच्या काळात ते काढून ठेवणेच मला श्रेयस्कर वाटते, कारण सुंदर पडद्याआड चुकांचे संदेशही झाकले जातात.