झिमरमन सुटला, म्हणून जबाबदारीही सुटली?

तिरकस_तात्या: २०१२ मध्ये फ्लोरिडात वस्तीवर पहारा देणाऱ्या जॉर्ज झिमरमनने ट्रेव्हॉन मार्टिनला गोळी घालून मारलं; २०१३ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. ‘ज्यूरीने सोडलं, विषय संपला. ट्रेव्हॉनने हात उचलला नसता तर जिवंत असता,’ असं काल एका विद्वानांनी लिहिलंय. वाचून डोकं उठलं. १७ वर्षांचा पोरगा खायच्या गोड गोळ्यांचं पाकीट नि सरबताचा कॅन घेऊन पावसात परत चाललेला. झिमरमन पोलिसांशी फोनवर. पोलिस विचारतात, मागे जातोयस का? हा म्हणतो, हो. पोलिस: ‘त्याची गरज नाही.’ हा: ‘ओके.’ मुळात गाडीतच बसून राहायला काय झालं होतं? भरलेलं पिस्तूल लावून अंधारात अनोळखी पोराच्या मागे जायचं आणि तो अंगावर आला की ‘माझ्या जिवाला धोका’! ही वेळ आणली कुणी?

उलटतपासणी: ते विद्वान मीच. मागे चालणं फ्लोरिडात गुन्हा नाही. झिमरमनचं नाक फुटलेलं, डोक्याला मागे जखमा, ट्रेव्हॉन वर होता असं सांगणारा साक्षीदार. स्वसंरक्षण नव्हतं हे सरकार पक्षाने सिद्ध करायचं असतं. जमलं नाही. आणि ‘स्टँड युअर ग्राउंड’च्या, म्हणजे माघार न घेता प्रतिकार करायची मुभा देणाऱ्या कायद्याच्या, नावाने गळे काढू नका, बचाव पक्षाने त्याची वेगळी सुनावणी मागितलीच नव्हती.

रेवा_एम: सुनावणी नसेल मागितली, पण माघार घ्यायची गरज नाही हे ज्यूरीला दिलेल्या सूचनांत होतंच. उलट ‘आधी कुरापत कोणी काढली’ ही सूचना सरकार पक्षाने मागूनही न्यायाधीशांनी दिली नाही. अर्धवट सांगू नका.

फ्लोरिडाकर: मूळ दुखणं हे स्वयंघोषित पहारेकरी! आमच्या कॉलनीतल्या एकाने माझ्या मुलावर गाडीचे दिवे रोखून ‘इथे कुणाकडे आलास?’ विचारलं. पोरगा स्वतःच्या दारात उभा, डोक्यावर हूड, हातात किल्ली. हेच महाशय कचऱ्याचा डबा तासभर बाहेर राहिला तर कॉलनीच्या असोसिएशनला फोटो पाठवतात.

उलटतपासणी: डब्याचा काय संबंध? त्या वस्तीत आधी घरफोड्या झाल्या होत्या. तुमच्याकडे झाली की कळेल.

फ्लोरिडाकर: झालीय. मागचं दार फोडून लॅपटॉप नेला. पिस्तूल घेऊन कुणाच्या पोराच्या मागे गेलो नाही.

शांताराम_बापू: आमच्याकडे तर डब्याच्या रंगावरून नोटीस आली!

रेवा_एम: बापू, एक माणूस मेलाय हो. डब्यांसाठी वेगळा धागा काढा.

शांताराम_बापू: काढतो. पण ज्याला फोटो काढायची खाज, त्यालाच पहाऱ्याचीही हौस, एवढं लिहून ठेवा.

उलटतपासणी: बरं बाबा, गाडीतून उतरायला नको होतं. मूर्खपणा होता. झालं समाधान? मूर्खपणाला जन्मठेप नसते. खुनापेक्षा सौम्य अशा मनुष्यवधाचा पर्यायही ज्यूरीपुढे होता, तोही ज्यूरीतल्या सहाजणींनी नाकारला.

तिरकस_तात्या: जन्मठेप मागितली कुणी? खाली पडून मार खाताना त्याला खरंच मरणाची भीती वाटली असेल, हे मी मानतो. पण ट्रेव्हॉनलाही भीती वाटली असेल की नाही? आधी गाडीतून, मग पायी एक अनोळखी माणूस पाठीमागे. ‘हात उचलला नसता तर’ हा हिशेब त्याच्याच नावावर का मांडता? ‘उतरला नसता तर’ हेही लिहा की वहीत.

उलटतपासणी: लिहिलं. पेन्सिलने.